चुलीवरचं छप्पर

शंभर मुलांच्या खिचडीला दहा किलो तांदूळ लागतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम, असा शालेय पोषण आहाराचा हिशेब आहे. दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ आणि त्याला लागेल तेवढं पाणी असं भरलेलं पातेलं चाळीस किलोंच्या पुढे जातं. दोघी मिळून ते चढवतात आणि शिजल्यावर दोघीच उतरवतात. मधला तासभर एक जण त्यावर वाकून पळा फिरवत असते, कारण तळाला लागलेली खिचडी मुलं ताटात तशीच ठेवतात. त्या तासाभरात त्या बाईच्या डोक्यावर काय असतं, हे पाहायला मी गेली काही वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मागच्या अंगणात जाते आहे.

पुढच्या अंगणात सगळं सारखं असतं. ध्वजस्तंभ, परिपाठाची जागा, भिंतीवर रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा. मागे मात्र प्रत्येक शाळेची तऱ्हा वेगळी. कुठे विटांची पक्की खोली, कुठे चार बांबूंवर ताणलेली ताडपत्री, कुठे वर्गाच्या भिंतीला टेकवलेला एकपाखी पत्रा, कुठे नुसतं आंब्याचं झाड. आणि एक दृश्य इतक्या ठिकाणी दिसलं की तेच या लेखाचा विषय झालं. पक्की खोली उभी आहे, तिच्या दारावर योजनेचं नाव रंगवलेलं आहे, आत तांदळाची पोती आहेत, आणि चूल बाहेर, दारासमोर, उघड्यावर पेटलेली आहे.

शालेय पोषण आहाराची ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने सुरू केली तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांना शिजवलेलं अन्न मिळत नव्हतं. महिन्याला तीन किलो तांदूळ मुलं पिशवीतून घरी न्यायची. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर आदेश दिला की मुलांना शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचं. तांदूळ घरी जात होता तोवर शाळेला चुलीची गरज नव्हती. आता लाखो शाळांच्या आवारात रोज आग पेटणार होती आणि तिची जागा कुठेच आखलेली नव्हती. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने किचन शेडच्या बांधकामासाठी केंद्राने तरतूद करावी, असंही सांगितलं.

त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणम इथे एका खाजगी शाळेच्या स्वयंपाकघरातली आग वरच्या शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. चूल आणि वर्ग यांच्यामध्ये अंतर नव्हतं, चुलीच्या जवळचं छप्पर पेटणारं होतं. तमिळनाडूने त्यानंतर शाळांवरची शाकारलेली छपरं काढायला घेतली. शाळेतल्या चुलीवर काय छप्पर घालायचं हा प्रश्न किरकोळ बांधकामाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

पुढे पैसे आले. २००६ मध्ये एका शेडला साठ हजार रुपये ठरले. २००९ च्या अखेरीस नियम बदलला. शंभर मुलांपर्यंतच्या शाळेला वीस चौरस मीटर जोतं, त्यापुढच्या दर शंभर मुलांमागे आणखी चार चौरस मीटर, आणि खर्च राज्याच्या दरसूचीप्रमाणे. मार्गदर्शक सूचनांमध्ये शेड वर्गांपासून वेगळी असावी, हवा खेळती असावी, चूल बिनधुराची असावी, हे सगळं आहे. पण पैसा मोजला जातो तो जोत्याच्या क्षेत्रफळावर. वीस चौरस मीटर म्हणजे सुमारे दोनशे पंधरा चौरस फूट. तेवढी खोली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर कशी उभी राहते, ते प्रत्येक ठेकेदाराला पाठ आहे. चार भिंती, एक दार, एक खिडकी, वर नऊ फुटांवर स्लॅब. ही खोली तलाठ्याला दफ्तर ठेवायला चालेल, ग्रामपंचायतीला मोटारीचं सामान ठेवायला चालेल. तिच्यात पातेलं चढवून चूल पेटवली की अडचण सुरू होते.

रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी एका वाडीवरच्या शाळेत मी अशा खोलीत उभी राहिले आहे. छत काळं कुळकुळीत. भिंतींचा वरचा अर्धा भागही काळा, आणि त्या काळ्याची खालची कड चारही भिंतींवर सारख्या उंचीवर, पाणसळीने आखल्यासारखी सरळ. साधारण साडेचार फुटांवर. म्हणजे धूर छताला जाऊन थांबत होता, तिथून थर धरत खाली येत होता आणि साडेचार फुटांवर येऊन खिडकी-दारातून बाहेर पडत होता. तिथे काम करणाऱ्या मावशींची उंची पाच फुटांच्या आसपास. उभं राहिलं की तोंड धुरात, बसलं की पातेल्यात दिसत नाही.

‘‘आत धूर बसतो, ताई. उठतच नाही,’’ थोरल्या मावशी म्हणाल्या. त्या या शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हापासून आहेत. दुसऱ्या मावशी त्यांच्याच भावकीतल्या, वयाने बऱ्याच लहान. मुलं दोघींनाही मावशीच म्हणतात. त्यांनी चूल कधीच बाहेर आणली होती, पण जुलैमधल्या धो धो पावसात ती आत न्यावी लागे. त्या दिवशी त्यांनी मला आत शिजवून दाखवलं. थोरल्या मावशी डोळे मिटून पळा फिरवत होत्या. तळाशी पळा कसा घासतो, त्याचा आवाज दाट होतो की पातळ राहतो, यावरून खिचडी लागतेय का ते त्या ओळखत होत्या. मध्येच दाराशी येऊन दोन श्वास घेत, परत आत जात. हे कौशल्य आहे यात शंका नाही. पण ते त्यांना का शिकावं लागलं, याचा मला राग आला आणि तो अजून आहे.

धुराचं शास्त्र अवघड नाही. गरम हवा हलकी असते, वर जाते. वर तिला वाट मिळाली तर ती बाहेर पडते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. ही ओढ दोन गोष्टींवर वाढते: आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक, आणि खालची वाट व वरची वाट यांच्यामधलं उंचीचं अंतर. हे अंतर दुप्पट केलं तर बाहेर पडणारी हवा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. वरची वाट मोठी आणि खालची चिंचोळी ठेवली तर उपयोग होत नाही, दोन्ही सारख्या लागतात. नऊ फुटांच्या स्लॅबखाली, खिडकीचा वरचा काठ सहा-साडेसहा फुटांवर असताना, सगळ्यात वरचा अडीच-तीन फुटांचा थर कायमचा कोंडलेला राहतो. पंखा लावून तो हलतो, पण वीज आणि पंखा दोन्ही असतील तर.

घरच्या चुलीच्या धुराची मोजमापं भारतात कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत घेतली. तोवर हवेचं प्रदूषण म्हटलं की शहरं आणि कारखाने डोळ्यांसमोर येत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे बत्तीस लाख माणसं दगावली. १९८० च्याच दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. पुण्याच्या आरती या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, महाराष्ट्रातल्या घरांसाठी चुलींची किती तरी रूपं घडवली. चुलीवर एवढं काम झालं. तिच्यावरच्या छपराकडे मात्र बांधकाम खात्याचा विषय म्हणून पाहिलं गेलं.

आपल्या जुन्या घरांत हे दोन विषय वेगळे नव्हते. कोकणातल्या कौलारू घराचं आढं उंच आणि पाखं उतरती. कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असत, त्यामुळे त्यांच्या शेकडो फटींतून धूर गाळून जावा तसा बाहेर पडे. पहाटे लांबून गाव पाहिलं तर छपरं वाफाळताना दिसत. मंगळुरी कौल आलं ते १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यानंतर. त्याआधीचं नळीचं कौलही श्वास घेणारंच. ठाणे-पालघरच्या वारली आणि कातकरी घरांत भिंती कारवीच्या कुडाच्या. सारवणाचा हात वरपर्यंत गेला नसेल तर कुडातूनही हवा खेळते. चुलीच्या वर आढ्याला मक्याची कणसं, बियाण्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या असत. धुराने त्यांना कीड लागत नसे, वाशांनाही लागत नसे. या घरांत धूर नव्हता असं मी म्हणत नाही. बायकांचे डोळे तिथेही चुरचुरत. पण छप्पर उभारणाऱ्याला खाली आग असणार आहे हे ठाऊक होतं आणि त्याच्या हाताने त्याची दखल घेतलेली होती.

मग पत्रा आला. पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीवर काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या अभियंत्याने १८२९ मध्ये घेतलं. पातळ लोखंडाला लाटा पाडल्या की ते मोठं अंतर पेलतं, एवढीच युक्ती. जस्ताचा मुलामा आल्यावर तो जगभर गेला. आज आपल्या गावातलं जवळजवळ प्रत्येक नवं छप्पर त्याचं असतं. चुलीवर घालायला पत्रा चांगला, कारण तो पेटत नाही. ज्यांना सिमेंटचा पत्रा स्वस्त वाटतो त्यांनी तो चुलीवर मुळीच घालू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि आगीच्या झळीने तो तडतडून फुटतो. लोखंडी पत्र्याचे दोष दोन. उन्हात तो तापतो. विदर्भात एप्रिलमधली सकाळची शाळा सुटेपर्यंत पत्र्याखाली चुलीशेजारी उभं राहणं म्हणजे दोन्हीकडून भाजणं. तिथे लोक पत्र्यावर तुराट्या किंवा कडबा पसरतात. घरावर ते चालेल, चुलीवर नको. चुन्याचा पांढरा हात दर उन्हाळ्यात मारला तरी झळ बरीच कमी होते.

दुसरा दोष मला रायगडातल्या त्या वाडीवर एका वेल्डिंगवाल्याने दाखवला.

शाळा व्यवस्थापन समितीने नवी शेड बांधायचं ठरवलं, काही पैसे ग्रामपंचायतीचे, काही लोकवर्गणीचे. जुनी खोली कोठीसाठी ठेवायची आणि तिच्या उत्तरेला, वर्गांपासून लांब, उघडी शेड उभी करायची. काम घेतलं तालुक्याच्या रस्त्यावर दुकान असलेल्या एका वेल्डिंगवाल्याने. त्याने आयुष्यभर गुरांचे गोठे, ट्रॅक्टरच्या शेड आणि लग्नाच्या हॉलची छपरं केली होती. तो शाळेत आला, टेप काढला आणि मापं घेण्याआधी मावशींना म्हणाला, ‘‘मावशी, पातेलं कुठं ठेवणार ते आधी सांगा. मग मी पर्लिन कुठं टाकायची ते बघतो.’’

कारण असं. जुलैमध्ये बाहेर गार पाऊस असतो, पत्रा थंड पडतो. खालून पातेल्याची वाफ जाऊन पत्र्याच्या आतल्या बाजूला धरते. त्या थेंबात काजळी मिसळते. छपराला पुरेसा उतार असेल तर थेंब पत्र्याच्या पोटाला चिकटून खाली सरकत जातो. वाटेत पत्रा पेलणारी आडवी पर्लिन आली की तिथे अडतो, जमतो आणि टपकतो. पर्लिनच्या बरोबर खाली पातेलं असेल तर खिचडीत काळे ठिपके पडतात. मुलं ओरडतात, पालक तक्रार करतात, मावशींना बोल लागतो. दोन पर्लिनच्या मध्ये पातेलं आलं आणि उतार चार फुटाला दोन फुटांचा ठेवला की हा त्रास जवळपास संपतो. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. एका आचाऱ्याच्या शेडमध्ये लग्नाच्या बासुंदीत थेंब पडले होते, तेव्हापासून तो आधी विचारतो.

मग मावशींनी जागा दाखवली. दोन चुली लाकडाच्या, एक शेगडी गॅसची. पंचायत समितीकडून आलेल्या आराखड्यात अडीच फुटांचा ओटा होता, घरच्या स्वयंपाकघरात असतो तसा. थोरल्या मावशी त्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, ‘‘ह्याच्यावर पातेलं ठेवलं तर आत बघायला मला स्टुलावर चढावं लागंल.’’ खरंच होतं. दीड फूट उंचीचं पातेलं अडीच फुटांच्या ओट्यावर ठेवलं की काठ चार फुटांवर जातो. छातीच्या उंचीवर पळा फिरवायचा, आणि शिजल्यावर चाळीस किलोंचं उकळतं पातेलं तिथून खाली घ्यायचं. भाजण्याचे अपघात इथेच होतात. मावशींनी मोकळ्या जमिनीवर दोन विटा रचल्या, त्यावर रिकामं पातेलं ठेवलं, पळा हातात घेतला, एक वीट काढली, चिपा घातल्या, पुन्हा फिरवून पाहिलं. चुलाणाचा वरचा काठ जमिनीपासून एक फूट ठरला. म्हणजे पातेल्याचा काठ कंबरेशी. गॅसच्या शेगडीलाही तीच उंची. भाजी चिरायला आणि पोळपाटाला वेगळा ओटा, तो अडीच फुटांचा.

या मापावरून छप्पर वर चढवलं. चूल एक फूट, पातेलं दीड फूट, त्यावर उभी बाई, तिच्या डोक्यावर धुराला फिरायला जागा. वळचण साडेसात फुटांवर, आढं बारा फुटांवर. आणि आढ्याच्या दोन्ही बाजूंना चूल-भागापुरते पत्रे एक फूट आखूड ठेवून त्या फटीवर दुसरं छोटं दुपाखी छप्पर. हे वरचं छप्पर खालच्या पाखावर दोन फूट पुढे आलेलं, म्हणजे तिरपा पाऊस फटीत शिरत नाही. फटीला जाळी, नाहीतर वानरं आत उतरतात. गुऱ्हाळांना, मोठ्या आचारीखान्यांना, जुन्या गिरण्यांच्या इमारतींना असं छप्पर असे. त्यात नवं काही नाही, खर्चही फार नाही. पण अंदाजपत्रकावर कात्री चालवायची वेळ आली की सर्वांत आधी हेच वरचं छप्पर उडतं, कारण त्याने जोत्याच्या क्षेत्रफळात काहीच भर पडत नाही.

कोकणात उघड्या शेडची खरी परीक्षा धूर नव्हे, वारा घेतो. धूर म्हणतो सगळं उघडं ठेवा. पाऊस आणि वारा म्हणतात बंद करा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत पत्रे कागदासारखे उडाले. शाळा बंद होत्या, करोनाचा पहिला उन्हाळा होता, मुलं पत्र्यांखाली नव्हती. त्या वादळाने एक गोष्ट कायमची शिकवली. नेहमीचा पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, म्हणून गाव पश्चिमेला भिंत घालतं आणि पूर्व मोकळी ठेवतं. ते बरोबरच आहे. पण वादळ पुढे सरकतं तसा वारा दिशा बदलतो. तो मोकळ्या बाजूने आत शिरला की भिंतीला अडून वर दाब देतो, आणि त्याच वेळी वरून जाणारा वारा पत्र्याला बाहेरून ओढतो. छप्पर वजनाने पडत नाही, उचललं जातं. त्यामुळे उघड्या शेडमध्ये खांबांनी छप्पर पेलायचं असतं तेवढंच धरूनही ठेवायचं असतं.

वेल्डिंगवाल्याने सहा पाइप तीन-तीन फूट खड्ड्यात काँक्रीटमध्ये बसवले, तळाशी आडव्या सळ्या वेल्ड करून, म्हणजे पाइप उपसून येणार नाही. वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक दुसऱ्या लाटेवर जे-बोल्ट, मध्ये थोडे विरळ. बोल्ट नेहमी लाटेच्या माथ्यावर, पन्हळीत नाही, आणि खाली डांबरी वायसर. पत्र्यावर पत्रा सहा इंच चढलेला. पश्चिमेला आणि दक्षिणेला वळचणीपर्यंत भिंत, पूर्वेला आणि उत्तरेला तीन फुटांची अर्धी भिंत व वर मोकळं, दाराला कुत्री-कोंबड्या अडतील असं फाटक. पश्चिमेच्या भिंतीत अगदी तळाशी, जमिनीलगत, दोन जाळीच्या फटी ठेवल्या. त्यांचं कारण धूर नव्हतं.

गॅस आल्यावर हे सगळं कशाला, असं मला शहरात हमखास विचारलं जातं. गॅस यायलाच हवा. पण सिलिंडर संपला आणि अनुदान यायचं असलं की लाकूड पेटतंच, आणि गॅसवरही वाफ, फोडणीचा खाट आणि उष्णता असतेच. शिवाय गॅस शेडकडून वेगळं काही मागतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे. गळती झाली तर तो आढ्याला जात नाही, जमिनीवर साचतो. वरची फट तिथे काही करू शकत नाही. खाली, पायाशी, वाट लागते आणि सिलिंडर भिंतीबाहेर. तळाच्या त्या दोन जाळ्या त्यासाठी. मावशींना हे समितीतल्या एका पालकाने सांगितलं. तो गॅस एजन्सीच्या गाडीवर काम करतो.

आग स्वयंपाकाच्या जागेतून पूर्णच बाहेर काढायचा रस्ताही महाराष्ट्रात आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये सूर्यकिरण एकवटणाऱ्या ७३ तबकड्या बसवल्या. त्या वर पाण्याची वाफ करतात आणि वाफ नळातून खाली पातेल्यांपर्यंत येते. तिथे छप्परच चूल झालं आहे. रोज हजारो पानं उठणाऱ्या संस्थानाला हे परवडतं. साठ पटाच्या वाडीवरच्या शाळेला परवडणारं अजून आलेलं नाही, आणि तोवर पत्र्याच्या फटीची उंची हाच तिथला तंत्रज्ञानाचा प्रश्न आहे.

या बायकांना मिळतं किती, हे इथे सांगायला हवं. केंद्राने २००९ मध्ये महिना एक हजार रुपये मानधन ठरवलं, तेही वर्षाचे दहाच महिने. महाराष्ट्रात ते वाढत वाढत २०२३ पर्यंत अडीच हजारांवर आलं होतं. नियमाप्रमाणे पंचवीस मुलांपर्यंत एक जण, शंभरपर्यंत दोघी. २०२४ मध्ये राज्याने पाककृतींची यादी पंधरावर नेली, त्यात मोड आलेली कडधान्यं आणि तांदळाची खीर आली. मुलांसाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण एका पातेल्याचं काम दोन पातेल्यांचं झालं, म्हणजे चुलीशेजारचा तासही वाढला. मानधनाचा प्रश्न मंत्रालयात सुटेल तेव्हा सुटेल. धुराचा प्रश्न तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडे सुटतो, आणि तो न सोडवण्याला मला तरी काही सबब दिसत नाही.

शेड झाल्यावर मी भर पावसात गेले. दोन्ही चुली पेटलेल्या होत्या, लाकूड ओलसर होतं, धूर भरपूर होता. तो चुलीवरून सरळ उठत होता, आढ्याजवळ थोडा घोटाळत होता आणि वरच्या फटीतून बाहेर पडत होता. वाऱ्याचा जोरदार झोत आला की थोडा मागे फिरे, मग पुन्हा वाट धरे. थोरल्या मावशी उघड्या डोळ्यांनी पळा फिरवत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या. मी त्यांना शेडमध्ये सलग बोलताना ऐकत होते. एक कमतरता लगेच दिसली. पूर्वेच्या वळचणीच्या पागोळ्या फाटकाच्या बरोबर पुढे पडत, म्हणून पातेलं घेऊन बाहेर जाताना डोकं भिजे आणि पाय घसरे. तिथे पन्हळ लावायची राहिली होती. ती लागली की ते पाणी शाळेच्या परसबागेत जाईल, असं गुरुजींनी ठरवलं होतं. एप्रिलच्या झळीवर चुन्याचा हात किती पुरतो, ते त्या उन्हाळ्यात कळणार होतं.

डोंगराच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या वाडीच्या शाळेने आता तशीच शेड मागितली आहे. वेल्डिंगवाल्याकडे नकाशा आहे, बिलबुकाच्या एका पानाच्या पाठीवर पेन्सिलने काढलेला, त्यावर सगळी मापं. पंचायत समितीच्या तरुण अभियंत्याने त्यावरून रीतसर आराखडा करून वरच्या छपराला वेगळी बाब म्हणून दर लावला आहे, म्हणजे कात्री चालवणाऱ्याला ती निदान खोडावी तरी लागेल. समितीची सभा झाली तेव्हा थोरल्या मावशींनाही बोलावलं होतं. त्यांनी मापं वाचून घेतली आणि एकच बदलायला सांगितलं. चुलाण एक फुटाचं नको, दहा इंचांचं करा, तिथल्या दोघीही माझ्यापेक्षा बुटक्या आहेत.